गच्चीवरची छत्री आणि घरातले गिऱ्हाईक

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला कोणतीही वस्तू घेताना तीन प्रश्न आपोआप सुचतात. माल कोठून येतो? तो पदरात पडेपर्यंत खर्च किती? आणि वापरणारे गिऱ्हाईक कोण? माझ्या वडिलांनी आणि त्यांच्यामागे थोरल्या बंधूंनी नाशिकच्या भांडी बाजारात आयुष्यभर हेच प्रश्न विचारले. मी दुकानाची गादी सोडून बँकेच्या खुर्चीवर बसलो, तरी कर्जाचा अर्ज समोर आला की निराळ्या शब्दांत मीही हेच विचारत असे. दूरचित्रवाणीसाठी अँटेना घेताना मात्र चांगली हिशेबी माणसेसुद्धा हे प्रश्न विसरतात. शेजाऱ्याने लावला तो, दुकानदाराने हाती ठेवला तो, किंवा परदेशातून कोणी आणला तो अँटेना आपण घरावर चढवतो आणि मग चित्र का येत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. आमच्या कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर हा विषय निघाला आणि बरेच दिवस पुरला. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींच्याही उपयोगी पडेल, असे वाटते.

बंधूंच्या पश्चात माझ्या थोरल्या वहिनी जुन्या नाशकात, सराफ बाजारामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय ८२. गुडघे कुरकुर करतात, पण डोळे आणि स्मरणशक्ती खणखणीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. दिवाळीला तो आला, तेव्हा आईसाठी मोठा नवा दूरचित्रवाणी संच घेऊन आला. इंटरनेटची जोडणी घेतली, जुनी केबल बंद केली आणि सामानातून आणलेला कागदासारखा पातळ, चौकोनी अँटेना खिडकीच्या काचेवर चिकटवून दिला. “काका, तिकडे आम्ही असाच लावतो. महिन्याला एक पैसा लागत नाही आणि चित्र आरशासारखे,” असे तो मोठ्या हौसेने सांगत होता. मुलाने आईसाठी जे जे करावे ते सगळे त्याने मनापासून केले होते.

मधले दोन महिने मी मुलीकडे बंगळुरूला होतो. परत आल्यावर वहिनींना भेटायला गेलो, तर संचावर भरतकामाचा रुमाल अंथरलेला.

“वहिनी, टीव्ही बिघडला का?”

“नाही हो भाऊजी, चांगला आहे. मला लावता येत नाही, एवढंच.”

“मग कोणाला सांगायचं नाही का?”

“एवढे पैसे घालून घेतलाय त्याने. कशाला त्याच्या मनाला लागेल असं बोलायचं?”

संच सुरू केला की पडदा आधी ‘कोण पाहत आहे?’ असे विचारी. मग कधी नवी आवृत्ती उतरवून घ्या म्हणे, कधी परवलीचा शब्द मागे. वहिनींनी आठ-दहा दिवस प्रयत्न केला आणि नंतर रुमाल टाकला. म्हणजे दोन महिने त्या घरात सायंकाळी सात वाजता लागणारा आवाज थांबला होता, आणि तो थांबल्याचे आम्हा कोणाला ठाऊकही नव्हते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या दिवसात हा आवाज किती जागा व्यापतो, हे ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांना सांगायला नको. त्या दिवशी मी ठरवले की हे काम हाती घ्यायचे आणि आपल्या जुन्या तीन प्रश्नांच्या क्रमानेच पुरे करायचे.

पहिला प्रश्न मालाचा. खिडकीवरच्या त्या चौकोनी अँटेनात दोष काही नव्हता. त्याच्यापर्यंत माल पोहोचत नव्हता. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या शहराच्या आसपास स्थानिक केंद्रे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून आपले कार्यक्रम प्रक्षेपित करतात. १२ जून २००९ रोजी तेथील पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले आणि ती सगळी डिजिटल झाली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगसारख्या उंच इमारतींवरून निघालेल्या लहरी न्यू जर्सीच्या घरांत सहज पोहोचतात. तेथे खिडकीला अँटेना लावला की स्थानिक वाहिन्या उच्च सुस्पष्टतेने, म्हणजे आपण ज्याला एचडी म्हणतो त्या स्वरूपात, विनाशुल्क दिसतात. पुतण्याचा अनुभव खराच होता, पण तो तिथल्या आकाशाचा होता.

आपल्याकडेही एके काळी जमिनीवरूनच चित्र येत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा मुंबईकरांच्या अभिमानाचा विषय होता. परंतु या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सपाट प्रदेशात सुमारे ७० किलोमीटरवर संपते. नाशिक त्याच्या दुपटीहून लांब, आणि मध्ये सह्याद्री उभा. म्हणून मुंबईचे चित्र आपल्यापर्यंत थेट पोहोचणे अवघडच होते. १९८० च्या दशकात दूरदर्शनने गावोगाव लघुशक्ती सहक्षेपण केंद्रे उभारली, तेव्हा कोठे लहान शहरांतल्या गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांची शेती उगवली.

तो अँटेना वाचकांना आठवत असेल. एका आडव्या दांड्यावर ओळीने बसवलेल्या काड्या आणि खाली उतरणारी चपटी वायर. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी अभियंत्यांनी १९२६ मध्ये तो जगापुढे ठेवला. मागची लांब काडी लहरी परतवते, पुढच्या आखूड काड्या त्यांना वाट दाखवतात आणि मधली दुहेरी काडी त्या पकडते. काड्यांची लांबी लहरींच्या लांबीवर ठरते, म्हणून तो अँटेना एवढा मोठा. वारा आला, कावळा बसला, संक्रांतीचा मांजा अडकला की चित्रावर मुंग्या येत. मग घरातला एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक संचासमोर. “आलं का?” “गेलं!” “आता?” “थांब, थांब, तिथेच धर!” १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा पंचवटीतल्या आणि आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर शनिवारी सायंकाळीच अँटेनाची दुरुस्ती चाले. आमच्या घरी ते काम माझ्याकडे होते. बंधू जिन्यात असत आणि “आलं” म्हणण्याचा अधिकार वहिनींचा.

तो काळ आता संपला. प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले की मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता उरलेले अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केले जातील. त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, दूरदर्शनने जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपणाची सेवा देशातल्या १६ शहरांत सुरू केल्याचे सांगितले होते. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद ही दोनच नावे होती, नाशिक नव्हते. दोन्ही शहरे आपल्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर. तेव्हा नाशिकच्या खिडकीत लावलेल्या अँटेनाने कितीही हात पसरले तरी त्याच्या ओंजळीत काही पडणार नव्हते.

मग आपला माल येतो कोठून? वरून. भारताने जमिनीवरचे मनोरे वाढवण्याऐवजी उपग्रहाची वाट धरली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही विनाशुल्क सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू केली. तिचेच आजचे नाव ‘डीडी फ्री डिश’. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी तो दक्षिण अमेरिकेतल्या कुरू येथून अवकाशात गेला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर तो आहे. पृथ्वीबरोबर त्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला तो एका जागी स्थिर वाटतो. म्हणून छत्री एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. नाशिकहून पाहिले तर ही जागा जवळजवळ बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ ते ५८ अंश वर येते. गणित त्रिकोणमितीचे आहे. निवृत्तीनंतर डोक्याला गंज चढू नये म्हणून मी ते कागदावर सोडवले आणि नंतर कारागिराच्या मापकाने त्याला दुजोरा दिला.

या एका आकड्यातून घरमालकाला मोठा उपयोगाचा ठोकताळा मिळतो. छत्रीपासून आग्नेयेकडची इमारत जितकी लांब असेल, त्याच्या दीडपट उंचीपर्यंत ती आड येत नाही. ही उंची छत्रीच्या पातळीपासून मोजायची. वहिनींच्या गच्चीच्या त्याच बाजूला नवी इमारत झाली आहे. जुन्या जागेपासून ती १२ फुटांवर आणि तिची पाण्याची टाकी छत्रीहून २० फूट उंच. १२ ची दीडपट १८. म्हणजे टाकी आड येणार. छत्री ६ फूट मागे, वायव्येच्या कठड्याकडे सरकवली की अंतर १८ फूट आणि मोकळीक २७ फूट. २० फुटांच्या टाकीची मग अडचण उरत नाही. जुन्या शहरातल्या दाटीवाटीत “आमच्याकडे छत्री चालणार नाही” असे सांगून कोणी परत पाठवले, तर आधी फूटपट्टी घेऊन हे मोजून पाहावे. आणखी एक गोष्ट. अशा छत्रीचा दांडा खालून पुढे आलेला असतो, त्यामुळे ती दिसते त्याहून बरीच वर पाहत असते. तिचे तोंड समोरच्या भिंतीकडे आहे असे वाटले तरी बहुधा भिंतीच्या वरचे आकाश तिला दिसत असते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. मी चौकशीला बाहेर पडलो, तेव्हा एका दुकानात मला ‘एचडी छत्री’ दाखवली गेली आणि साध्या छत्रीहून तिची किंमत जास्त सांगितली गेली. येथे वाचकांनी सावध राहावे. एचडी किंवा फोर-के नावाची छत्री नसते. छत्रीचे काम लहरी गोळा करून दांड्याच्या टोकावरच्या एलएनबीत टाकण्याचे. त्या लहरींत कोणत्या सुस्पष्टतेचे चित्र आहे, हे तिला कळत नाही. ते काम खालच्या सेट टॉप बॉक्सचे आणि संचाचे. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख ठिपके असतात; पूर्ण एचडी चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख. ही पाचपट बारकाई हवी असेल तर बॉक्स एचडी असला पाहिजे आणि तो एमपीईजी-४ पद्धतीचा असला पाहिजे. डीडी नॅशनल एचडी त्याच पद्धतीने येते. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सला ती वाहिनी दिसतच नाही, मग गच्चीवर छत्री कितीही भारी असो. मात्र फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्याच स्वरूपात आहेत, हेही लक्षात ठेवावे. केवळ एचडीच्या ओढीने ही सेवा घेऊ नये.

छत्रीवर तर आमचा खर्च झालाच नाही. बंधूंनी पूर्वी एका खासगी सेवेसाठी विकत घेतलेली ६० सेंटिमीटरची छत्री गच्चीवर तशीच पडून होती. छत्रीला मालक कळत नाही, दिशा तेवढी कळते. गंज घासून, रंग लावून ती नव्या दिशेला फिरवली की झाले. ज्यांच्या गच्चीवर अशी छत्री आहे त्यांनी ती भाड्याची नाही, स्वतःची आहे, एवढे जुन्या पावतीवर पाहून घ्यावे. आमचा जमाखर्च असा: एमपीईजी-४ बॉक्स १,३५० रुपये, नवा एलएनबी २५०, आरजी-६ वायर आणि जोडण्या ४००, कारागिराची मजुरी ४००, एकूण २,४००. केबलला पूर्वी महिना ३५० रुपये जात. म्हणजे सात महिन्यांच्या आत मुद्दल वसूल. सशुल्क सेवेत आपण नक्की कशाचे पैसे भरतो, तेही एकदा बिलावर पाहावे. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी वाहिनीची किंमत आणि जोडणीचे शुल्क वेगवेगळे दाखवणे बंधनकारक केले. तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जोडणीचे शुल्क १३० रुपये होते. १८ टक्के करासह ते १५३ रुपये ४० पैसे होई. वाहिन्यांची किंमत त्यावर निराळी.

फुकटाचाही हिशेब मांडलेला बरा, कारण कोणीतरी पैसे भरल्यावाचून काही फुकट येत नाही. एके काळी दूरचित्रवाणी संचाचा परवाना टपाल कचेरीतून घ्यावा लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क असे. फ्री डिशवर प्रेक्षक शुल्क भरत नाही. खासगी वाहिन्या जागेसाठी ई-लिलावात बोली लावतात आणि ते पैसे प्रसार भारतीला मिळतात. त्यामुळे आज दिसणारी एखादी खासगी मराठी वाहिनी पुढच्या एप्रिलनंतर दिसेलच, याची हमी नाही. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या, आपली सह्याद्री त्यांत आली, तेवढ्या कायम गृहीत धराव्यात. बाकीचे वरकड उत्पन्न समजावे.

उरला तिसरा प्रश्न, आणि खरे पाहता तो पहिला असायला हवा होता. गिऱ्हाईक कोण? पुतण्याने फोनवर “काका, पैशाचा प्रश्नच नाही” असे तीन वेळा सांगितले. ते मला ठाऊक होते. मी वहिनींना म्हटले, केबल असताना दिवसभरात काय काय पाहत होतात ते आठवून लिहून द्या. कर्जाची रक्कम अर्जदाराच्या हौसेवर न ठरवता त्याच्या गरजेवर ठरवावी, ही आमची जुनी शिकवण. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या जुन्या बिलबुकातल्या एका पानामागे सुबक अक्षरांत यादी लिहून ठेवली होती. सकाळी भक्तिसंगीत. दुपारी जुना चित्रपट, चांगला असला तर. सायंकाळी सातच्या बातम्या, सह्याद्रीवर. रात्री आठची मालिका. तिच्यापुढे कंसात ‘नसली तरी चालेल’. आणि शेवटी, खाली रेघ ओढून, ‘केबलवरच्या गावातल्या बातम्या, पुराच्या दिवसांत’.

शेकडो वाहिन्यांच्या जमान्यात एका घराची गरज पाच ओळींत मावली. त्यातल्या पहिल्या तीन ओळी फ्री डिशवर मिळत होत्या. मालिका मिळेलच असे नव्हते. आणि शेवटची ओळ, जिच्याखाली रेघ होती, ती तर कोणत्याच छत्रीत येणार नव्हती. जी छत्री लेहपासून कन्याकुमारीपर्यंत एकच चित्र दाखवते, तिला गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, हे सांगता येत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला, सराफ बाजारात पाणी शिरले का, हे नाशिककराला पावसाळ्यात सर्वांत आधी हवे असते. न्यू जर्सीच्या माणसाला त्याच्या साध्या अँटेनावर आपल्या भागाची बातमी मिळते. आपल्याकडे जमिनीवरचे प्रक्षेपण गेले, त्याबरोबर ती शक्यताही गेली. या व्यवहारात आपण काय मिळवले हे पुष्कळ सांगितले जाते, तेव्हा काय दिले याचीही नोंद खतावणीत असावी.

ही अडचण मी वहिनींपुढे जशीच्या तशी मांडली. केबल पुन्हा घेतली तर पाचही ओळी पुऱ्या होतील, हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“दर महिन्याला कोणी तरी पैसे मागायला दारात उभं राहणार. मी आत असले, ऐकू आलं नाही, की बंद. मग पुन्हा कोणाला तरी सांगा. ते मला नको भाऊजी. आणि पुराचं पाणी आलं, तर टीव्हीच्या आधी ते मला खिडकीतून दिसतं.”

निर्णय त्यांचा होता आणि त्यामागचे कारण माझ्या सगळ्या हिशेबाहून पक्के होते. त्यांना कोणावर अवलंबून राहायचे नव्हते. गावच्या बातम्यांसाठी मी त्यांच्या उशाशी सेलवर चालणारा लहान रेडिओ ठेवला आणि त्यावर आकाशवाणीचे नाशिक केंद्र लावून दिले.

छत्री बसली त्या सकाळी तरुण कारागीर गच्चीवर होता, मी जिन्यात आणि वहिनी संचासमोर. आता हाका मारण्याची गरज नव्हती; त्याच्या हातातले मापक सगळे सांगत होते. तरीही चित्र आले तेव्हा वहिनींनी खालून “आलं!” म्हणून सांगितलेच. कारागिराला मी दोन कामे अधिकची सांगितली. पहिले, छत्रीचे बोल्ट नीट आवळून वायरीच्या जोडावर पाणी शिरणार नाही असे वेष्टन करणे, आणि वीज पडण्याचा धोका लक्षात घेऊन छत्रीच्या खांबाला भूसंपर्क देणे. एवढ्याशा छत्रीचा नेम दोन अंशांनी ढळला तरी चित्र तुटू लागते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे. संच चालू होताच थेट बॉक्सचेच चित्र दिसेल अशी मांडणी करणे, आणि संच चालू-बंद करण्याचे बटण बॉक्सच्याच रिमोटला शिकवणे. अनेक रिमोटांत ही सोय असते. दुसरा रिमोट कपाटात गेला. उरलेल्या एकावर वहिनींना लागणाऱ्या बटणांवर मी नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले. चालू-बंद, आवाज आणि वाहिनी, एवढेच.

नवा संच घेणाऱ्यांना आता आणखी सोपी वाट आहे. उपग्रहाचा ग्राहक-भाग आतच बसवलेल्या संचांसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. असा संच घेतला तर छत्रीची वायर सरळ त्याच्यात जाते आणि बॉक्सची गरज राहत नाही. घरात वृद्ध माणूस असेल, तर पडद्याची लांबी-रुंदी विचारण्याआधी दुकानदाराला हा प्रश्न अवश्य विचारावा.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. उपग्रहाच्या या लहरी तीन सेंटिमीटरहूनही आखूड असतात आणि मुसळधार पाऊस त्यांना अडवतो. म्हणजे ऐन वादळात, जेव्हा बातमी हवी असते तेव्हाच, चित्र गोठते. मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा सकाळी उशिरा काही मिनिटे चित्र जाते आणि आपोआप परत येते. अशा वेळी कारागिराला बोलावण्याची घाई करू नये. मधून मधून वाहिन्यांची मांडणी बदलते. मग बॉक्सकडून नव्याने शोध घेववावा लागतो. हे काम मी वहिनींच्या बिलबुकात पायरीपायरीने लिहून ठेवले आहे. आतापर्यंत दोनदा त्यांनी ते स्वतः केले.

पावसाळ्यात एका रात्री त्यांचा फोन आला. मला वाटले, काही बिघडले.

“भाऊजी, टीव्ही थांबलाय. म्हणजे पाऊस जोरात आहे. तुम्ही उद्या सकाळी बँकेत पेन्शनच्या कामाला निघणार होतात ना, तर नदीकडून येऊ नका. रेडिओवर सांगितलंय, पाणी सोडलंय म्हणून.”

पुतण्याचा तो चौकोनी अँटेना मी कागदात गुंडाळून ठेवला होता. ओळखीचे एक जण न्यू जर्सीला निघाले, त्यांच्याबरोबर परत पाठवला. तेथे तो कामाचा आहे. आता तो आईला फोन करतो तेव्हा “आज काय पाहिलंस?” असे विचारतो, आणि वहिनी त्याला सातच्या बातम्या सांगतात, प्रसंगी त्याच्याशी वादही घालतात. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी त्यांच्याकडे येऊन छत्रीची चौकशी केली. वहिनी त्यांना दुकानाचे नाव किंवा छत्रीची किंमत आधी सांगत नाहीत. आग्नेयेला काय आड येते आणि घरात टीव्ही कोण लावणार आहे, एवढे विचारून घेतात आणि मगच पुढे बोलतात.